वाहतें चित्र आणि त्याचें दप्तर

इंग्लंडच्या राजदप्तरांत डूम्सडे बुक या नांवाचा एक प्रसिद्ध ग्रंथ आहे. विल्यम राजानें इंग्लंड जिंकल्यावर वीस वर्षांनीं, म्हणजे इ. स. १०८६ मध्यें, आपल्या नव्या राज्यांतील गांवें, जमिनी, नांगर, पाणचक्क्या व कुळें यांची मोजणी करविली. तिचा हा जमाबंदीचा कागद होय. कागद म्हणावयाचें तें संवयीनें. वस्तुतः तें चर्मपत्र आहे. त्यावरील लॅटिन अक्षरें, नऊशें वर्षांहून अधिक काळ लोटला असतांहि, ती भाषा जाणणारा कोणीहि मनुष्य नुसत्या डोळ्यांनीं वाचूं शकतो. या ग्रंथास नऊशें वर्षें पूर्ण झाल्याच्या निमित्तानें १९८६ सालीं बी. बी. सी. या ब्रिटिश प्रक्षेपण-संस्थेनें एक नवें डूम्सडे रचलें. देशाच्या नकाशावर चार किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद अशा चौकटी पाडल्या. नऊ हजारांहून अधिक शाळांनीं आपापल्या चौकटीची माहिती व छायाचित्रें गोळा केलीं. सुमारें दहा लक्ष माणसांचा हात त्या कामास लागला. हा सर्व ऐवज लेसर-किरणानें वाचावयाच्या तबकड्यांवर भरण्यांत आला. पंधरा वर्षें झालीं न झालीं तोंच त्या तबकड्या वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं, आणि १०८६ चा ग्रंथ वाचतां येतो पण १९८६ चा वाचतां येत नाहीं, अशी चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली.

नव्यास हंसून जुन्याचें स्तोत्र गावयाचें असल्यास हें उदाहरण फार सोईचें आहे. पण आमचा तो उद्देश नाहीं. चर्मपत्रास जें साधलें तें तबकडीस व फितीस कां साधलें नाहीं, आणि जें गेलें असें वाटलें होतें तें पुढें कोणत्या उपायानें परत हातीं आलें, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास अधिक महत्त्वाचा वाटला पाहिजे. त्या उपायांतील मुख्य हत्यारास इंग्रजींत व्हिडिओ कॅप्चर बोर्ड म्हणतात. आम्ही त्यास चित्रग्राहक पाटी म्हणूं. तळहातावर मावणारी ही पाटी पत्त्याच्या पानाएवढ्या एका संगणकास जोडून धांवत्या चित्राची नक्कल उतरून घेण्याची सोय आज सामान्य गृहस्थासहि करतां येते. ही सोय किती वळणें घेत आपल्या दारापर्यंत आली, आणि आपल्या घरच्या कपाटांतील जुन्या फितींशीं तिचा काय संबंध आहे, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, जें धरावयाचें तें मुळांत चित्रच नव्हे. चित्रपटाची फिल्म उजेडाकडे धरली तर तिच्यावर लहान लहान चित्रें स्पष्ट दिसतात. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं मुंबईस लागला. त्याचा जो कांहीं भाग आज शिल्लक आहे तो ओळखण्यास, यंत्र नसलें तरी, एक भिंग पुरे आहे. दूरचित्रवाणीचें तसें नाहीं. तिच्यांत एकसंध चित्र असें कोठेंच नसतें. आपण पोथी वाचतांना डोळा जसा ओळीवरून फिरवितों व ओळ संपली कीं पुढच्या ओळीच्या आरंभास नेतों, तसा एक अदृश्य बिंदु समोरच्या दृश्यावरून ओळीओळीनें फिरतो. जेथें उजेड अधिक तेथें विद्युत्संदेश प्रबळ, जेथें अंधार तेथें तो क्षीण. अशा रीतीनें सर्व दृश्याचा एक लांबच लांब धागा होतो, आणि घरचें यंत्र तोच धागा पुन्हा ओळीओळीनें पडद्यावर मांडतें. भारतानें स्वीकारलेल्या पाल पद्धतींत एका चित्राच्या ६२५ ओळी असतात व सेकंदास अशीं २५ चित्रें धांवतात. त्यांतहि आधीं एकाआड एक ओळी व मग राहिलेल्या ओळी, अशा एका चित्राच्या दोन फेऱ्या होतात. तात्पर्य, पडद्यावर आपण पाहतों तें चित्र नव्हे, तें चित्राचें वाचन आहे. वाचन संपलें कीं चित्रहि संपलें. तें ठेवावयाचें असेल तर प्रवाहालाच बांध घातला पाहिजे.

हा बांध घालण्याचा पहिला प्रयत्न दूरचित्रवाणीच्या बाल्यावस्थेंतच झाला. जॉन लॉजी बेअर्ड या स्कॉटिश शोधकाचें चित्र अवघ्या ३० ओळींचें असे व सेकंदास तीं थोडींच धांवत. इतका मंद संदेश ध्वनीच्या मर्यादेंत बसत असल्यामुळें १९२७ सालीं त्यानें तो गाण्याच्या तबकडीवर कोरून पाहिला. तबकडी वाजविली तर कर्कश गुणगुण ऐकूं येई. परंतु तिच्यांतून चित्र समाधानकारक रीतीनें परत मिळविणें त्या काळीं साधलें नाहीं, आणि तो नाद बेअर्डनें सोडून दिला. तबकड्या मात्र कांहीं वांचल्या. अर्धशतक उलटून गेल्यावर डॉनल्ड मॅक्लीन या अभियंत्यानें त्यांतील आवाजाचे अंक करून ते संगणकांत घातले, तबकडी फिरण्यांतील हेलकावे गणितानें काढून टाकले, आणि त्या गुणगुणींतून १९२७ सालचें एका बाहुल्याचें डोकें व १९२८ सालच्या एका तरुणीचा चेहरा बाहेर आला. ज्या काळीं तें कोरलें त्या काळास तें वाचतां आलें नाहीं. पण मूळ संदेश जसाच्या तसा राहिला म्हणून पुढच्या काळाच्या विद्येस त्याचा उपयोग झाला. या गोष्टीचें मर्म पुढें पुन्हा उपयोगीं पडणार आहे.

पुढें दूरचित्रवाणीचें चित्र सुधारलें तसा संदेशाचा वेगहि वाढला, आणि तबकडीचा मार्ग बंद झाला. मग पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवून फिल्म घेणें हाच उपाय उरला. १९५३ सालच्या राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचें दूरचित्र याच रीतीनें टिपलें गेलें. ही नकलेची नक्कल असल्यामुळें तिच्यांत तेज कमी व धूसरपणा फार. चुंबकीय फितीवर थेट संदेश उतरवावा तर फीत इतक्या प्रचंड वेगानें पळवावी लागे कीं, थोड्याच मिनिटांत मैलोगणती फीत संपावी. अँपेक्स या अमेरिकन कंपनींत चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या हाताखालील मंडळींनीं या अडचणींतून जी वाट काढली ती अत्यंत बुद्धिमत्तेची होती. त्यांनीं फीत पळविण्याऐवजीं तिच्यावर लिहिणारी लेखणीच गरगर फिरविली: दोन इंच रुंदीची फीत सावकाश सरकते आहे, आणि चार चुंबकीय लेखण्या लावलेलें चाक तिच्यावर आडव्या रेघा ओढीत आहे. १९५६ च्या एप्रिल महिन्यांत शिकागो येथें हें यंत्र दाखविलें गेलें, व त्याच वर्षाच्या ३० नोव्हेंबर रोजीं सी. बी. एस. या संस्थेनें त्यावरून बातम्यांचें पहिलें प्रक्षेपण केलें. विसावें शतक संपेपर्यंत घरोघरीं जें व्ही. एच. एस. यंत्र होतें त्याच्या पोटांतहि हीच फिरती लेखणी होती, जपानच्या जे. व्ही. सी. कंपनीनें तें १९७६ सालीं बाजारांत आणलें.

परंतु फितीच्या गुणांतच तिचा दोष दडलेला होता. फीत महाग, आणि पुसून पुन्हा वापरतां येणारी. चर्मपत्रहि महाग होतें, व मध्ययुगांतील लेखक जुनीं अक्षरें खरवडून त्यावर नवीं लिहीतच. म्हणून ही खोड केवळ आधुनिक नव्हे. बी. बी. सी. नें आपल्या १९६० च्या सुमारच्या कित्येक कार्यक्रमांच्या फिती अशाच पुसल्या. सर्वांत हळहळ लावणारें उदाहरण चंद्राचें आहे. १९६९ च्या जुलै महिन्यांत चंद्रावरून जें चित्र आलें तें नेहमींच्या पद्धतीचें नव्हतें; त्याच्या ३२० ओळी असून सेकंदास दहाच चित्रें येत. पृथ्वीवर तें घेणाऱ्या केंद्रांत एका उत्तम पडद्यावर तें चित्र पाडून त्या पडद्यासमोर साधा दूरचित्र-कॅमेरा ठेवला होता. जगानें पाहिलें तें या दुसऱ्या कॅमेऱ्याचें चित्र, म्हणजे मुळाहून पुष्कळ मंद झालेलें. अधिक स्पष्ट असा मूळ संदेश वेगळ्या फितींवर नोंदला होता. चाळीस वर्षांनीं त्यांचा शोध झाला तेव्हां २००९ सालीं नासा या संस्थेस कबूल करावें लागलें कीं, त्या फिती बहुधा मागेंच पुसून इतर कामास लावल्या गेल्या. मनुष्यजातीनें ज्या क्षणाची इतकी वाट पाहिली त्याचा अस्सल कागद गेला, आणि गेला तो शत्रूच्या आगींत नव्हे, कोठीवाल्याच्या काटकसरींत!

फितीवर लिहिलेला संदेश कितीहि जपला तरी तो वाचतांना व उतरतांना थोडा थोडा झिजतो. नकलेवरून नक्कल काढीत गेलें तर चवथ्या-पांचव्या पिढींत चेहरा ओळखूं येत नाहीं. हा झिजण्याचा दोष नाहींसा होण्यास चित्राचे अंक व्हावे लागले. अंकाची नक्कल झिजत नाहीं. सात हा अंक शंभर वेळां उतरला तरी सातच राहतो. १९५७ सालीं अमेरिकेंतील रसेल कर्श या शास्त्रज्ञानें आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचें छायाचित्र १७६ उभ्या व १७६ आडव्या बिंदूंत विभागून संगणकांत घातलें. संगणकांत गेलेलें तें पहिलें छायाचित्र. १९६५ सालीं मॅरिनर ४ हें यान मंगळाजवळून गेलें. त्यानें पाठविलेल्या प्रत्येक चित्राचे २०० गुणिले २०० बिंदु होते, आणि पृथ्वीवर तें येण्याचा वेग इतका मंद कीं एका चित्रास सुमारें आठ तास लागत. तेवढा धीर न धरवून तेथील अभियंत्यांनीं आलेल्या अंकांच्या कागदी पट्ट्या भिंतीवर डकविल्या व रंगीत खडूंनीं त्या अंकांप्रमाणें रंगविल्या! दूरच्या ग्रहाचें अंकांतून आलेलें पहिलें चित्र असें हातानें रंगविलेलें आहे.

एका स्थिर चित्रास आठ तास, तर धांवत्या चित्राचें काय? १९८२ सालीं आंतरराष्ट्रीय करारानें दूरचित्राचे अंक कसे करावे याचें माप ठरलें. त्याप्रमाणें प्रत्येक ओळीचे ७२० बिंदु घ्यावयाचे. पाल पद्धतींत ६२५ पैकीं ५७६ ओळी प्रत्यक्ष चित्राच्या असतात. प्रत्येक बिंदूस सरासरी दोन बाइट धरले तर एका चित्रास सुमारें आठ लक्ष एकोणतीस हजार बाइट लागतात. त्या वेळीं इंग्लंडच्या शाळाशाळांतून वापरला जाणारा बी. बी. सी. मायक्रो हा संगणक घ्या: त्याच्या एका प्रसिद्ध नमुन्याची स्मृति ३२ किलोबाइट होती. अशा पंचवीस संगणकांची सगळी स्मृति एकत्र केली तरी एक चित्रहि पुरतें मावलें नसतें; एका सेकंदाच्या चित्रास सहाशेंहून अधिक संगणक लागले असते. यासाठींच १९८६ च्या डूम्सडेंतील छायाचित्रें अंकांत न ठेवतां दूरचित्राच्या संदेशाच्या रूपानें तबकडीवर ठेवावीं लागलीं. या अडचणीचा परिहार अर्धा यंत्रांच्या वाढीनें झाला व अर्धा गणितानें. त्या गणितांत आपल्या देशाचाहि वांटा आहे. बंगळूर येथें जन्मलेले नासिर अहमद यांनीं अमेरिकेंत असतांना टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ सालीं जी कोसाइन-रूपांतराची रीत प्रसिद्ध केली, तिच्या आधारें चित्रांतील डोळ्यास न जाणवणारा भाग वगळून बाकीचें थोड्या अंकांत लिहितां येतें. पुढच्या बहुतेक चित्रसंकोच-पद्धति याच पायावर उभ्या राहिल्या.

आतां पुन्हा डूम्सडेकडे वळूं. २००२ सालीं इंग्लंडमधील लीड्स व अमेरिकेंतील मिशिगन या दोन विद्यापीठांतील संशोधकांनीं त्या जुन्या संगणकाचें सोंग नव्या संगणकाकडून वठवून घेतलें व तबकडींतील ऐवज पुन्हा पडद्यावर आणला. पुढें मूळ फितींवरून चित्रें अधिक चांगल्या रीतीनें उतरण्यांत आलीं, आणि २०११ सालीं बी. बी. सी. नें तीं सर्वांस आंतरजालावर खुलीं केलीं. पण २०१८ सालीं तें दालनहि बंद करून राष्ट्रीय दप्तरांत जमा झालें. एकदां वांचविलेलें कायमचें वांचलें असें होत नाहीं, हें यावरून दिसेल. त्यानंतर कांहीं हौशी अभियंत्यांनीं निराळाच मार्ग घेतला. त्यांनीं डूम्सडे डुप्लिकेटर या नांवाची एक ग्राहक-पाटी तयार केली व तिचे सर्व आराखडे लोकांस मोकळे केले. ही पाटी तबकडीच्या यंत्राकडून तयार चित्र मागतच नाहीं. लेसर-किरणाच्या डोळ्यास जो कच्चा संदेश दिसतो तोच ती सेकंदास चार कोटी वेळां मोजून अंकांत उतरून घेते. त्याचें चित्र करण्याचें काम मागाहून सावकाश संगणक करतो. आज चित्र करण्याची रीत अपुरी असेल तर उद्यां सुधारेल. मूळ मोजमाप हातीं आहे. बेअर्डच्या तबकडीनें योगायोगानें जें शिकविलें तें या मंडळींनीं बुद्धिपुरस्सर केलें. पुढें त्याच रीतीनें व्ही. एच. एस. फितीहि उतरूं लागल्या.

मराठी वाचकांस हा विचार अपरिचित वाटूं नये. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापलीं तीं याच हट्टानें: बखरकारानें अर्थ लावून सांगितलेल्या गोष्टीपेक्षां अस्सल पत्र, त्यांतील शब्द न बदलतां, पुढच्या अभ्यासकाच्या हातीं दिलें पाहिजे. त्याहून मागें जाऊन पाहिलें तर आपला पोथी उतरणारा लेखकहि शेवटीं हेंच लिहून ठेवी कीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, शुद्धाशुद्धाचा दोष माझ्यावर नाहीं. आपल्याकडील ताडपत्रें व कागद या हवेंत शतकानुशतकें टिकणें कठीण. तरी ग्रंथ टिकले, ते दर कांहीं पिढ्यांनीं कोणी तरी बसून नवी प्रत उतरीत गेला म्हणून. आमच्या मतें या सर्व इतिहासाचें सार एवढेंच आहे कीं, टिकतें तें द्रव्य नव्हे, टिकते ती उतरण्याची परंपरा. चर्मपत्राचें भाग्य असें कीं त्यास ही परंपरा फारशी लागली नाहीं. फितीस व तबकडीस तिच्यावांचून गति नाहीं.

ही परंपरा घरांत आणणारा जो लहान संगणक, त्याचा जन्महि डूम्सडेच्याच कुळांत झाला, हा इतिहासाचा मोठा गमतीचा योग आहे. बी. बी. सी. मायक्रो व डूम्सडेचा संगणक हे दोन्ही केंब्रिजच्या ॲकॉर्न कंपनीनें केले. त्याच कंपनींत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनीं एक नवा, साधा व थोड्या विजेवर चालणारा प्रोसेसर आंखला; १९८५ च्या एप्रिलमध्यें तो प्रथम चालला व त्यास आर्म हें नांव पडलें. कंपनी गेली, पण आर्म जगभर पसरला. त्याच केंब्रिजमध्यें, मुलांस संगणकाची गोडी लागावी या हेतूनें, आर्म वापरून केलेला रास्पबेरी पाय हा एकपाटी संगणक २०१२ च्या २९ फेब्रुवारीस ३५ डॉलर किंमतीस विक्रीस निघाला. त्याच्या पहिल्या नमुन्याची स्मृति २५६ मेगाबाइट, म्हणजे वरच्या हिशेबानें बारा-तेरा सेकंदांचें चित्र मावण्याइतकी. पण त्याच्या चिपमध्यें चित्र-संकोच करणारा एक स्वतंत्र विभाग होता व कॅमेरा जोडण्यासाठीं एक अरुंद खांच होती. या दोहोंच्या संगतीनें तो चित्रग्रहणास योग्य ठरला.

ती खांच कॅमेऱ्यासाठीं असली तरी तिला काय जोडलें आहे हें ती पाहात नाहीं. समोरून बिंदूंचे अंक ठरल्या रीतीनें आले म्हणजे झालें. चित्रग्राहक पाटी या खांचेंत कॅमेऱ्याचें सोंग घेऊन बसते. अशा पाट्या दोन जातींच्या आहेत. एकींत जुन्या फितीच्या यंत्राच्या पिवळ्या तोंडांतून येणारा संदेश घेऊन त्याचे अंक केले जातात. दुसरी, तोशिबा कंपनीच्या चिपवर आधारलेली, एच. डी. एम. आय. या नव्या तारेंतून येणारे अंक घेऊन ते कॅमेऱ्याच्या भाषेंत सांगते. जोडणी करतांना वीज बंद असावी. चपटी तार अलगद बसवावी. आणि जुन्या पाट्यांवर पडद्याची खांच व कॅमेऱ्याची खांच दिसण्यांत सारखी असते, ती पारखून घ्यावी. मग संगणकाच्या आरंभीच्या नोंदवहींत अमुक पाटी जोडली आहे असें लिहावें म्हणजे लिनक्स ही कार्यप्रणाली तिला चित्राचें एक द्वार मानूं लागते.

यापुढें नवशिका हमखास अडतो. सर्व जोडणी बरोबर असून पडदा काळाच राहतो. याचें कारण यंत्राचा बिघाड नसून शिष्टाचाराचा भंग आहे. एच. डी. एम. आय. मध्यें चित्र देणारें यंत्र आधीं घेणाऱ्यास विचारतें: आपणांस कोणतीं मापें चालतात? घेणाऱ्यानें आपली यादी पुढें करावी लागते. तिला एडिड म्हणतात. दूरचित्रवाणी-संचांत ही यादी कायमची लिहिलेली असते, परंतु ग्राहक-पाटी कोऱ्या पाटीसारखी येते. प्रत्येक वेळीं संगणक सुरू झाला कीं तिच्यावर ही यादी लिहावी लागते. तोंपर्यंत देणारें यंत्र समोर कोणी नाहीं असें समजून गप्प बसतें. यादी मिळाल्यावर चित्र येऊं लागतें. मग आलेल्या चित्राची रुंदी, उंची व गति काय आहे हें पाटीस विचारून तेंच माप आपल्याला मान्य असल्याचें तिला परत सांगावें लागतें. मग कोठें चित्र वाहूं लागतें. मापाचीहि मर्यादा आहे. बहुतेक लहान संगणकांच्या खांचेंत दोनच मार्ग असून प्रत्येकावरून सेकंदास सुमारें शंभर कोटी बिट जातात. १९२० गुणिले १०८० बिंदूंचीं पन्नास चित्रें त्यांत बसतात. साठ बसत नाहींत. २०२३ सालीं आलेल्या पांचव्या रास्पबेरी पायमध्यें चित्र-संकोचाचा तो स्वतंत्र विभाग वगळण्यांत आला. त्यांत तें काम मुख्य प्रोसेसरास करावें लागतें, हेंहि घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

एवढा तपशील देण्याचें कारण आपल्या घरीं आहे. मुंबईस दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, १९८२ मध्यें रंग आले, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत मध्यम वर्गाच्या घरांतील लग्नें, मुंजी, बारशीं, साठीशांति व गणपति फितींवर चढले. चित्रपटांचा सांभाळ करण्यास पुण्यास १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय झालें. पण आजोबांनीं नातवाच्या मुंजींत दिलेल्या आशीर्वादाचें दप्तर सांभाळणारी संस्था कोणती? कपाटांतील तो काळा डबा, एवढीच. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत त्या फितीवर बुरशी धरते; चुंबकीय थर धरून ठेवणारें द्रव्य चिकट होतें; आणि फीत धड राहिली तरी ती वाचणारें यंत्र राहात नाहीं. जगांत शेवटपर्यंत व्ही. एच. एस. यंत्रें करणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीनें २०१६ च्या जुलैमध्यें तें काम बंद केलें. यापुढें जीं चालतील तीं जुनींच, आणि दर वर्षीं कमी होणारीं.

म्हणून ज्यांच्या घरीं अशा फिती आहेत त्यांनीं हें काम पुढच्या वर्षावर टाकूं नये. बुरशी दिसली तर फीत यंत्रांत घालूं नये. आधीं जाणत्याकडून स्वच्छ करवावी, नाहीं तर फीत व यंत्र दोन्ही बिघडतील. जुन्या फितीचा संदेश थरथरता असतो, त्यामुळें कांहीं ग्राहक-यंत्रें मधलीं चित्रें गाळतात. तो संदेश स्थिर करणारें उपकरण मिळाल्यास मध्यें जोडावें. विषम-सम ओळी आल्या तशाच ठेवाव्या. त्या एकजीव करून गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा. शक्य तेवढा कमी संकोच करावा. पुरा संकोचरहित तास सुमारें ७५ गिगाबाइट घेतो, तो ठेवणें आतां कोणास अशक्य नाहीं. प्रति दोन ठिकाणीं, दोन घरीं ठेवाव्या, आणि दर कांहीं वर्षांनीं त्या उघडून नव्या साधनावर उतराव्या. हें काम एकदां करून मोकळें होण्याचें नव्हे. घरांतील देवपूजेप्रमाणें एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचें आहे.

आणि एक गोष्ट कोणतीच पाटी उतरून घेत नाहीं. १०८६ च्या ग्रंथांत गांवाचें नांव, धन्याचें नांव, नांगरांची संख्या शब्दांनीं लिहिली आहे, म्हणून तो आज बोलतो. फितींतील चेहऱ्यांचीं नांवें फितींत नसतात. तीं घरांतील कोणा वृद्ध आत्याबाईंच्या किंवा काकांच्या स्मरणांत असतात. पंक्तींत उजवीकडून तिसरे कोण, अंतरपाट धरणारे गुरुजी कोठले, मागें रडणारें तें मूल आज कोण, हें सांगणारें माणूस फितीपेक्षां अधिक दिवस टिकेल याचा भरंवसा नाहीं. तेव्हां ज्या दिवशीं फीत उतरावयास घ्याल त्या दिवशीं त्यांना शेजारीं बसवावें, एक वही व लेखणी घ्यावी, आणि तीं सांगतील तें तसेंच, न सुधारतां, लिहून घ्यावें.